टेपचा आवाज बारीक, सीडीचा मोठा

आमच्या शहापुरातल्या घरी ॲम्प्लिफायर होता, त्याला जुना टेप आणि नवा सीडी प्लेयर जोडलेले. टेपचा आवाज बारीक, म्हणून व्हॉल्यूम पार वर न्यावा लागे. सीडीचा आवाज मुळातच दांडगा. मुरबाडच्या मेकॅनिकनं बजावलं होतं, "सीडीच्या वायरीत रेझिस्टन्स टाकून घे, दोनी सारखे होतील. नायतर स्पीकर घालवशील." अर्ध्या तासाचं काम. मी म्हटलं, बघू रविवारी. असे कितीतरी रविवार मी बघण्यातच घालवले.

आई वारली होती. जात्यावर बसून तिनं म्हटलेल्या बाबासाहेबांच्या ओव्या मामानं एका कॅसेटवर भरून ठेवलेल्या. वडील त्या दुपारी एकटेच ऐकायचे. एका रविवारी मीच त्यांना ती लावून दिली आणि व्हॉल्यूम तसाच वर ठेवून झोपलो. दुसऱ्या दिवशी मी कामावर असताना त्यांनी बुद्धवंदनेची सीडी लावली. धाडकन आवाज झाला आणि स्पीकरचा पडदा फाटला.

मी घरी आलो तर म्हातारा दारातच उभा. "मी हात लावला न् फाटलं रे. चुकलं माजं."

चूक कोणाची ते मला त्याच क्षणी कळलं होतं. तरी मी खेकसलो, "कशाला हात लावता बाबा? कळत नाही तर बसा ना गप!" लाज वाटते आता लिहिताना. मेकॅनिकनं स्पीकर नीट केला, वायरीत रेझिस्टन्सही टाकला. बाबांनी विचारलं, काय झालेलं? मी म्हटलं, "काही नाही, झालं आता." इतकं सोपं होतं खरं सांगणं.

त्यानंतर त्यांनी यंत्राला बोटसुद्धा लावलं नाही. आईची कॅसेट लाव म्हणाले, तर मी दमलेला असायचो. "उद्या," म्हणायचो. मग त्यांनी विचारणंच सोडलं. मला वाटलं, विसरले असतील.

विसरले नव्हते. कॅसेट सदऱ्याच्या खिशात घालून ते वस्तीतल्या एकाकडे, त्याच्या मोडक्या टेपवर ऐकायला जात होते. एका दुपारी त्या टेपनं ती खाल्ली. बाबा घरी आले तेव्हा तुटलेल्या फितीचा गुंता मुठीत होता.

"पुन्ना चुकलं रे माजं," म्हणाले.

तेव्हा मी सगळं सांगितलं. स्पीकर तुमच्यामुळे नाही गेला बाबा, माझ्यामुळे गेला.

ते मुठीतला गुंता बोटांनी सोडवू लागले. मग म्हणाले, "मंग मी घरीच आयकली असती ना रे तिला."