मढीचा गड उतरताना

देव आहे की नाही, हा प्रश्न मला कधी पडला नाही. तो आपल्याला ओळखतो का, हा मात्र पडला. फुटबॉलच्या एका व्यावसायिक क्लबने बचावपटू म्हणून मला पहिला करार दिला, तेव्हा आईने सगळ्या गल्लीचं तोंड गोड केलं होतं. त्याच हंगामात गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. ऑपरेशन झालं, पण पाय पूर्वीसारखा वळेना. शेवटी क्लबने गोड बोलून हातात नारळ दिला आणि मी तिसगावला परतलो.

आईवडील तेव्हा कोपरगावकडे ऊसतोडीला होते. त्यांना खरं सांगायची हिंमत झाली नाही. मी संघात लागलो की मढीच्या कानिफनाथांना रेवड्या वाहायच्या, असा आईचा नवस होता. फोनवर तिचा एकच धोशा, “नाथाचं दिऊन ये रं. देवाचं अंगावर ठिवू न्हाई.” जे हातचं गेलं, त्याचा नवस फेडायला मी एका दुपारी मढीला गेलो. गड कसाबसा चढलो. समाधीपुढे रेवड्या ठेवल्या आणि मनात म्हणालो, घ्या तुमचं, आता तुमचा माझा संबंध संपला. भक्तीचा लवलेश नव्हता. नुसता राग होता.

उतरायला लागलो आणि पहिल्याच पायऱ्यांवर कळ मस्तकात गेली. कठडा धरून खाली बसलो. माणसं बाजूने उतरत होती. सुसाट आलेल्या गड्याला अडवणारा मी, आणि मला देवळाच्या पायऱ्या उतरता येईनात. जगण्यात काही राम नाही असं वाटलं आणि लोकांदेखत हमसून रडलो.

वरून एक वयस्क मावशी येत होत्या. कठड्याला धरून, गडाकडे तोंड करून, उलट्या उतरत होत्या. माझ्याजवळ थांबल्या.

“गुडघा का, लेकरा?”

मी मान हलवली.

“मंग सरळ कशाला उतरतू? माझंबी तेच हाय. नाथाकडं तोंड कर अन् माघारी ये. कळ कमी लागती, अन् देवाला पाठबी व्हत न्हाई.”

मी वळलो. कळस समोर आला. मावशींच्या शेजारून एकेक पायरी मागे सरू लागलो. दुखत होतं, पण सोसवत होतं. बचावपटूचं निम्मं काम हेच, समोरच्यावरची नजर न काढता मागे सरणं. पाय ते विसरले नव्हते. नाथांशी संबंध तोडून निघालेला मी, त्यांच्याकडेच बघत सगळा गड उतरलो.

खाली मावशींना टेम्पोत बसवलं आणि आईला फोन लावला.

“आई, क्लबनं काढलं मला.”

तिने विचारलं, “नाथाचं दिलं का?”

“दिलं.”

“मंग आता त्याचं तो बघंल. तू जेवला का?”

मी अजून कुठल्याच संघात नाही. गुडघ्याची खात्री डॉक्टरही देत नाहीत. निराशा गेली म्हणालो तर खोटं होईल. कित्येक सकाळी अंथरुणातून उठवत नाही. नाथांकडे आता काही मागत नाही. मी मागे सरतो आहे हे खरंच, पण तोंड त्यांच्याकडे आहे, आणि तेही त्यांनीच वळवलं.