काढ म्हणजे काढ

नगरच्या कॉलेजात डिप्लोमाला घातलं तेव्हा एसटी स्टँडवर आबा एवढंच म्हणाले होते, "पोरी, नाव काढ आमचं." खर्ड्याकडच्या बापाला यापेक्षा जास्त बोलता येत नाही. दर हंगामाला ते आणि आई ऊसतोडीला जायचे. आमच्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला कुणी कामावर घेत नाही, म्हणून हंगामाच्या तोंडावर पोरींची लग्नं उरकून टाकतात. माझ्यासाठीही मिरजगावकडचं एक स्थळ थांबून होतं. शेवटच्या वर्षाला पास झाले तर आबा त्यांना नाही म्हणणार होते. नापास झाले तर दसऱ्याच्या आत मी कुणाच्या तरी कोयत्याचा अर्धा भाग. त्या वर्षी मला नीट भूक लागल्याचं आठवत नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये एकाच मशीनवर लिनक्स होतं, सरांनी कुठल्याशा मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून टाकलेलं. बाकीच्या मशीनवर पोरांची झुंबड, याच्याकडं कुणी फिरकायचं नाही, कारण त्यात चित्रं नव्हती. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारा एक ठिपका. आपण इंग्रजीत हुकूम टाइप करायचा आणि त्यानं तो पाळायचा. हे हुकूम ऐकणाऱ्या प्रोग्रामला शेल म्हणतात. तो फुकट होता, आणि उघडा होता, म्हणजे आपल्या मनासारखा बदलून घ्यायला कुणाची परवानगी लागत नव्हती. एका साध्या फाइलीत लिहून ठेवायचं की 'dakhav' म्हटलं की यादी दाखव, आणि तो दाखवायचा. घरीदारी माझं इतकं ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं.

शेलला मराठी शिकवायची, हाच आम्ही प्रकल्प घेतला. आम्ही म्हणजे मी आणि माझी होस्टेलमधली जोडीदारीण. ती आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातली, डोंगरातली, भाताच्या खाचरात वाढलेली. ज्याला इंग्रजीची धास्ती वाटते त्यानंही मशीनपुढं बसावं, असं आम्ही मोठ्या तोऱ्यात सगळ्यांना सांगायचो. शब्द दोघींनी वाटून घेतले. दाखवणं, शोधणं, छापणं माझ्याकडं. हलवणं, नक्कल करणं, पुसणं तिच्याकडं. दोघींच्या शब्दांच्या दोन वेगळ्या फाइली. शेल आधी माझी वाचायचा, मग तिची, आणि शेवटी ज्याचं ऐकलं त्याचंच खरं मानायचा. आमच्या ग्रामपंचायतीतही हीच पद्धत आहे.

छापण्यासाठी मी शब्द ठेवला 'kadh'. प्रिंट काढ, फोटो काढ, आडातून पाणी काढ. काढ म्हणजे आतलं बाहेर आण. यात विचारण्यासारखं काय आहे? पुसण्यासाठी तिनंही ठेवला 'kadh'. तिच्या घरी काढतात ते तण. उपटायचं आणि बांधावर फेकायचं. तिलाही यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. शिवाय पुसण्याआधी मशीन दरवेळी 'नक्की?' असं विचारायचं, त्याचा तिला जाच व्हायचा. तिनं ते विचारणंही बंद करून टाकलं. हे सगळं तिनं तोंडी परीक्षेच्या आदल्या सकाळी केलं आणि जेवायला निघून गेली.

त्याच दुपारी लॅबच्या प्रिंटरला एकदाचा कागद मिळाला. मी प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये गेले आणि लिहिलं kadh, पुढं एक चांदणी. चांदणी म्हणजे इथलं सगळं. प्रिंटर गप्पच. मी कागद सरळ केला, वायर हलवून पाहिली, त्याला दोन शिव्या दिल्या. मग 'dakhav' लिहिलं. शेलनं काहीच दाखवलं नाही, कारण दाखवायला काही उरलंच नव्हतं.

अहवाल, शिकवणीचे धडे, वर्षभर जमवलेले मजकूर, सगळं गेलं होतं. शब्दांच्या दोन फाइली तेवढ्या दुसरीकडं होत्या म्हणून वाचल्या. नक्कल कुठंच नव्हती. त्या मशीनची फ्लॉपी ड्राइव्ह नगरच्या धुळीनं कधीच मेली होती. मी खुर्चीत बसले होते, पण खाली खुर्ची आहे असं वाटत नव्हतं.

जोडीदारीण आली आणि आम्ही लॅबमध्येच भांडलो. मी म्हणत होते, काढ म्हणजे काढ. ती म्हणत होती, तेच तर, काढ म्हणजे काढ. ऐकणाऱ्या पोरांना हसू आवरेना. मला त्यांच्या डोक्यात कीबोर्ड घालावासा वाटला.

सर म्हणाले, इथून पुसलेलं परत येत नाही. तरी मी त्यांच्या इतकी मागं लागले की त्यांनी आपला पासवर्ड टाकला आणि डिस्कवर जे काही वाचता येण्यासारखं असेल ते सरळ पडद्यावर सोडायला सांगितलं. अक्षरांचा लोंढा सुरू झाला. जुन्या पोरांचे प्रोग्राम, कुणाची तरी अर्धवट गणितं, निरर्थक चिन्हं. आम्ही दोघी भांडण विसरून पडद्याला नाक लावून बसलो. एकदा आमच्याच धड्यातल्या दोन ओळी वर सरकताना दिसल्या. "थांबव," मी ओरडले. तेवढ्यात लाइट गेली. ती आली तोवर लॅब बंद करायची वेळ झाली होती.

दुसऱ्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी अहवाल मागितला. मी म्हणाले, "काढला, सर."

"मग दाखवा."

मी पुन्हा म्हणाले, काढला. त्यांना वाटलं मी चेष्टा करते आहे. शब्द चालवून दाखवते म्हटलं, तर ते म्हणाले, अहवाल नाही तर प्रकल्प नाही, दिवाळीच्या परीक्षेला पुन्हा या. जोडीदारीण रडली. मला रडूही येईना. दिवाळी म्हणजे दसऱ्याच्या नंतर, एवढंच डोक्यात घुमत होतं.

निकाल लागला त्या आठवड्यात आबा आले. कारखान्याचा पट्टा पडून हंगाम संपल्यावर घरी न जाता, गाठोडं घेऊन सरळ कॉलेजात. होस्टेलात पुरुषांना येऊ देत नसत म्हणून ते ऑफिसच्या खिडकीशी उभे राहिले आणि माझं नाव सांगितलं. निरोप मिळाल्यावर मी धावत गेले, तर आतून क्लार्क विचारत होते, "नाव काढायचंय का पोरीचं?"

त्या दिवसांत नापास पोरींचे बाप त्या खिडकीशी येत ते याच कामासाठी. क्लार्कचं काही चुकलं नव्हतं. पण आबांचं उन्हानं रापलेलं तोंड एकदम उजळलं. छाती काढून ते म्हणाले, "व्हय सायेब. त्यासाठीच घातलीया तिला. नाव काढनार हाय ती."

क्लार्कनं त्यातलं 'व्हय' तेवढं ऐकलं. रजिस्टर ओढलं, लाल पेनाचं टोपण काढलं आणि माझ्या नावावर बोट ठेवलं. मग, सवयीनं असेल किंवा मला धापा टाकताना पाहून असेल, त्यांनी मान वर केली. "नक्की ना?"

मी म्हणाले, "काढू नका."

आबा माझ्याकडं बघत राहिले. मग मला सगळं सांगावं लागलं, तिथंच, खिडकीपाशी. नापास झाल्याचं, पुसलं गेल्याचं, दिवाळीचं. शेल म्हणजे काय ते त्यांना कळलं नाही, पण काढ म्हणजे काय ते कळलं. ते गाठोड्यावर खाली बसले. हाताला उसाच्या पाचटानं कापल्याच्या रेघा होत्या, त्यांवर अंगठा फिरवत राहिले. मिरजगावचं स्थळ, येणारा दसरा, माझ्या पाठची बहीण, सगळं त्यांच्या मनात चाललेलं मला दिसत होतं, आणि मी त्यांना काहीसुद्धा देऊ शकत नव्हते. मरून जावं असं वाटलं, हे मी वाढवून सांगत नाही.

क्लार्कला घाई होती. "मग काय करू? काढू का राहू देऊ?"

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग वर न बघताच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या."

त्या दसऱ्यानंतर ते आणि आई पुन्हा तोडीला गेले. मी दिवाळीपर्यंत अहवाल आणि सगळे धडे परत लिहिले. 'kadh' हा शब्द मी दोघींच्या फाइलीतून काढला नाही, एकच केला. आता तो टाइप केला की मशीन आधी विचारायचं, छापू का पुसू. पुसायचं म्हटलं तर पुन्हा विचारायचं, काढू का राहू देऊ. काहीच न लिहिता नुसतं एंटर दाबलं तर राहू द्यायचं.

परीक्षक तेच आले होते. काही न लिहिणं म्हणजे राहू देणं, हे कुणी ठरवलं, असं त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "वडिलांनी."