लान वहिनींचं गुर्द्याचं सूप

दक्षिण चीनमधल्या शुंडे गावातल्या आमच्या गल्लीत बाई कशी आहे हे तिच्या चुलीवरून ठरतं. लान वहिनींच्या चुलीवर सूप तीन तास शिजतं, म्हणजे त्या देवीच म्हणायच्या. मी शिंग, समोरच राहतो, बायको वारलेली, त्यामुळे देवीचा वास मला फुकट.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या नवऱ्याच्या, माकदादांच्या किडन्या बिघडल्या. दवाखान्यात मी सोबत होतो. "मीठ नको, मांस बेताचं, आणि सूप तर अजिबात नको," डॉक्टर म्हणाला. वहिनींनी नम्रपणे मान डोलावली आणि परतताना सरळ खाटकाकडे वळल्या. जो अवयव दुखतो तोच खावा, हे आमच्याकडे पाळण्यातलं पोरही जाणतं. डॉक्टर बिचारा शिकण्यात अडकल्याने अडाणी राहिला.

मग दिवसाआड डुकराचे गुर्दे, म्हणजे किडन्याच. पांढऱ्या शिरा काढून, दारूने धुऊन, काळे घेवडे आणि मोडली की रेशमासारखे धागे सुटतात ती औषधी साल घालून शिजवलेले. नको म्हणायची दादांची छाती नव्हती. बुद्धिबळाच्या निमित्ताने ते झाकलेला वाडगा घेऊन माझ्याकडे येत.

"शिंग, माझा जीव वाचव बाबा."

असा जीव वाचवायला माझी काय ना असणार? सूप झकास होतं. दादांचे रिपोर्ट होते तिथेच राहिले, आणखी बिघडले नाहीत, आणि वहिनी बाजारभर सांगत सुटल्या, "डॉक्टर थक्क झाला." थक्क झाला खरा, पण तेव्हा नव्हे. गेल्या सोमवारी माझ्या पायाचा अंगठा सुजून लालबुंद झाला, आणि मी त्याच डॉक्टरपुढे बसलो.

"गाऊट आहे, मांसाचं सूप फार झालं की होतो. काय खाता?"

"गुर्द्याचं सूप. दोन वर्षं."

"तुमच्या किडन्यांना काय झालंय?"

"माझ्या ठणठणीत आहेत."

त्याने चष्मा काढून डोळे चोळले.

गल्लीत मी पाय मुरगळल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी वहिनी दारात उभ्या, हातात मातीचं भांडं. डुकराचे पाय, शेंगदाणे घालून. पायाला पाय.

खरं सांगावं, तर दादांचं बिंग फुटणार आणि उद्यापासून त्या समोर बसून त्यांना पाजणार. मग ते किती दिवस टिकतील?

"वहिनी, हे दादांनाच द्या ना."

"त्यांना डॉक्टरने मना केलंय," त्या शांतपणे म्हणाल्या. "असा बघू नकोस. दोन वर्षं वाडगा विसळलेला परत येतोय. चाळीस वर्षांत त्यांनी कधी वाडगा विसळलाय?"

"मग सूप करत कशाला होतात?"

"माणूस आजारी, आणि मी हातावर हात ठेवून बसू?" त्यांनी चमचा पदराला, म्हणजे त्यांच्या त्या कळकट एप्रनला, दोनदा पुसला. "पी. निवेल."

अंगठा ठणकत होता. मी वाडगा रिकामा केला, आणि या खेपेला विसळला नाही.