पिंग अडवण्याची परीक्षा

आमच्या तंत्रनिकेतनातल्या नेटवर्कच्या प्रात्यक्षिक परीक्षेत एक प्रयोग वर्षानुवर्षं ठरलेला आहे. एका संगणकावरून दुसऱ्याला पिंग करायचं, म्हणजे "आहेस का?" असं विचारत राहायचं; पलीकडून "आहे" असं उत्तर येत राहतं. मग मधल्या फायरवॉलवर पिंग अडवायचा नियम लिहायचा आणि उत्तरं बंद झालेली दाखवायची. एवढंही ज्याला जमत नाही त्याला मी शून्य देते. माझं शून्य नाशकात प्रसिद्ध आहे.

त्या सकाळी विंचूरकडची एक मुलगी परीक्षेला बसली. अंबडच्या एका कारखान्यात तिला नोकरी ठरली होती, अट एवढीच की सगळे विषय पहिल्या फटक्यात सुटायला हवेत. तिनं भराभर नियम लिहिला, एकही चूक नाही. तरी पडद्यावर उत्तरं येतच राहिली. तिनं पिंग बंद करून लगेच पुन्हा सुरू केलं, तरी तेच.

"मॅडम, जरा थांबून बघू का?" तिनं हळूच विचारलं.

"थांबून काय होणार? नियम म्हणजे साबुदाणा आहे का, भिजत घालायला?"

"नाय मॅडम," म्हणाली, आणि पिशवी उचलून निघून गेली. मी शाईनं शून्य लिहिलं.

बाहेरून आलेले परीक्षक भारी सौम्य गृहस्थ. "पोरगी हुशार वाटली हो," एवढंच म्हणाले, पण मला ते झोंबलं. "सर, दोन मिनिटांचं काम आहे, मी दाखवते," म्हणत मी तिच्याच खुर्चीत बसले. तिचा नियम खोडला, पिंग सुरू केलं, उत्तरं आली. मग माझा नियम लिहिला. उत्तरं येतच होती. मी घसा खाकरला, पिंग बंद करून ताबडतोब परत लावलं. उत्तरं चालूच. मी कळफलक बडवायला लागले, मग केबलला नावं ठेवली, मग त्या दिवशी रजेवर असलेल्या प्रयोगशाळा सहायकाला. सर छताकडे बघत बसले, हा त्यांचा चांगुलपणा.

तेवढ्यात शिपाई चहा घेऊन आला. मी वैतागून पिंगची खिडकी बंद केली आणि चहा प्यायले. मग हार मानली नाही हे दाखवण्यापुरतं पुन्हा पिंग लावलं. एकही उत्तर नाही.

"मॅडम, काय केलंत?" सरांनी विचारलं.

"चहा प्यायले," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

आणि मग माझे कान तापले, कारण याचं कारण मी दर वर्षी स्वतःच फळ्यावर लिहिते. फायरवॉल वही ठेवते. कुणी कुणाला विचारलं ते टिपते आणि त्याचं उत्तर आलं की आत सोडते. पिंगला खरं तर ना सुरुवात ना शेवट, पण ती त्यालाही एक चालू बोलणं धरते. नवा नियम अडवतो तो नव्या बोलण्याला. आमचे संगणक प्रत्येक पिंगला तोच क्रमांक लावतात, त्यामुळे लगेच परत विचारलं की ते जुनंच बोलणं ठरतं. अर्धं मिनिट गप्प राहिलं, की वहीतली नोंद पुसली जाते. म्हणजे इतकी वर्षं माझ्या परीक्षेत रेंगाळणारे पास होत होते आणि चपळ नापास.

सरांनी गुणपत्रक माझ्यापुढे सरकवलं. शून्य खोडून मी तिला पैकीच्या पैकी दिले आणि शेजारी सही केली. मग उन्हातून फाटकाबाहेरच्या थांब्यावर गेले. ती विंचूरच्या एसटीची वाट बघत होती, डोळे लाल, हातात फोन.

"मॅडम, तुम्ही कशाला आलात? कारखान्यात कळवते आता, जमणार नाय म्हणून. मला लय सोपं वाटलं होतं ते, पण नाय आलं."

"ठेव तो फोन," मी सवयीनं ओरडले. मग आवाज खाली आणला. "तुला येतं गं. मला येत नव्हतं."

ती मान खाली घालून "चुकलं मॅडम" म्हणाली. मी रागावूनच बोलतेय असं तिला वाटत होतं, आणि ती पास झालीय हे तिला खरं वाटायला मला तीनदा सांगावं लागलं.