वैरागच्या तळ्याकाठी आमचा ट्रेलर

मागच्या अंकात एका वाचकानं लिहिलंय की असले चमत्कारिक अनुभव फक्त रिकामटेकड्या आणि घाबरट माणसांनाच येतात. वाचून अंगाचा तिळपापड झाला! मी सोलापुरात तीस वर्षं शाळेत भूमिती आणि विज्ञान शिकवलं. भूत-बित कधी मानलं नाही, आजही मानत नाही. पण जे घडलं ते घडलं... आणि त्यावरून माझ्या वहिनीला जे ऐकून घ्यावं लागलं, त्याचा संताप अजून गेलेला नाही.

७५-७६ च्या सुमाराची गोष्ट. माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं, अक्कलकोट रोडला यंत्रमाग दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. कुठल्याशा परदेशी मासिकात त्यानं जीपमागे ओढायच्या घराचं चित्र पाहिलं, आणि सहा महिने खपून तसा ट्रेलर स्वतः बनवला. पत्र्याची खोली, दोन बाकडी, स्टोव्ह ठेवायला फळी, एका बाजूला दार आणि समोरच्या बाजूला एकच खिडकी. सुट्टी लागली की दादा, वहिनी आणि मी निघायचो. मुक्कामाची जागा निवडायचं काम माझं. दुपारची सावली हवी, पाणी जवळ हवं आणि खिडकीतून काहीतरी सुंदर दिसायला हवं – हे माझे नियम.

त्या दिवाळीत वैरागच्या पुढे एक पाझर तलाव सापडला. काठाला करंजाची झाडं, पाण्यात बगळे. मी म्हटलं, "दादा, इथंच!"

शेळ्या चारणारे एक म्हातारे गृहस्थ जवळ आले. तुळशीरामबाबा त्यांचं नाव.

"ताई, हितं नगा लावू गाडी. तितं वर माळावर लावा."

"का हो बाबा? इथं काय आहे?"

"हाय असं कायबी न्हाय. पर हितं कुणी मुक्काम करत न्हाय."

वर माळावर नुसते दगडधोंडे. मी ऐकलं नाही. दादानं जीप सोडवून बाजूला लावली, ट्रेलरचा पुढचा लोखंडी पाय टेकवला, चाकांना दगड लावले. खिडकी बरोबर तळ्याकडे केली.

दुपारची जेवणं झाली. वहिनी चहा करायला आत गेली. दादा, मी आणि तुळशीरामबाबा तळ्याच्या बांधावर पाण्याकडे तोंड करून बसलो. पाठीमागे तीसेक पावलांवर ट्रेलर. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज येत होता. दहा-पंधरा मिनिटं गेली असतील...

"अहो, चहा झाला!"

वहिनीचा आवाज आला, पण लांबून – आणि वरून. आम्ही वळलो. करंजाखाली जीप होती. ट्रेलर नव्हता.

तो वर माळावर उभा होता. चांगला दीडशे पावलं लांब, चढावर! आम्ही धावत सुटलो. मधे काळ्या मातीची ओली पट्टी होती. तिच्यात आमच्या चपला रुतत होत्या, पण चाकाची एक खूण नव्हती. वर पाय टेकवलेला, चाकांना दगड लावलेले. फळीवर काठोकाठ भरलेले चार कप, एक थेंब सांडलेला नाही.

वहिनी दारात आली आणि जागच्या जागी थिजली.

"वन्सं, हे काय? आत्ता तर मला खिडकीतून तुमच्या पाठी दिसत होत्या..."

मी आत जाऊन पाहिलं. खिडकीसमोर नुसता माळामागचा डोंगर होता, तळं पार दाराच्या बाजूला.

दादानं तुळशीरामबाबांची बंडी धरली. "तुझेच उद्योग हे! कोण माणसं आणलीस?"

"मालक, मी तुमच्याच शेजारी बसलो हुतो की."

मी दादाचा हात सोडवला तेव्हा तो वहिनीकडे वळला. "तू आत होतीस. आणि तुला कळलं नाही? खरं सांग, कुणाला सामील आहेस?"

परक्या माणसासमोर! मी ओरडले, "दादा, जड लोखंडी गाडी ती चढावर ढकलेल का? शोभतं का तुला हे?" तो ऐकायच्या पलीकडे गेला होता. बाबांची माफी मी मागितली. ते एवढंच म्हणाले, "जावा ताई, उजेड हाय तवर."

त्यानंतर ट्रेलर वर्कशॉपच्या मागे गंजत पडला. दादा मात्र नातेवाइकांत सांगत फिरला – बायकोनं आणि बहिणीनं मिळून मला बनवलं! लोक हसायचे. वहिनी उठून स्वयंपाकघरात जायची. मी खूप डोकं चालवलं. उतार, वारा, जमीन खचणं... एकही कारण लागू पडत नाही. गाडी कशी गेली, कुणी नेली, मला माहीत नाही.

दोन वर्षांपूर्वी वहिनी गेली. शेवटच्या आठवड्यात दादा तिच्या उशाशी बसला होता. मला वाटलं, आता तरी चुकलो म्हणेल. त्यानं हळूच विचारलं, "आता तरी सांग, कशी हलवली होतीत?"

वहिनीनं त्याच्याकडे पाहिलं आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

ज्या कुणी तो ट्रेलर वर नेला, त्यानं आमचा चहासुद्धा सांडू दिला नव्हता. माझा राग त्याच्यावर नाहीच.