जयमालाबाईंचा मातकट स्वेटर

जयमाला कदम मूळच्या साताऱ्याकडच्या. नवरा तुर्भ्याच्या बाजारात माथाडी, घर कोपरखैरण्यात आणि एकुलता एक मुलगा इंद्रजित फौजेत. जयमालाबाईंचे वडीलही फौजेतलेच, त्यामुळे जवानाच्या मापाचा स्वेटर त्या लग्नाआधीपासून डोळे मिटून विणायच्या. नवी मुंबईत मात्र ही विद्या कुणाच्या कामाची नव्हती. इथे थंडी जानेवारीत चार दिवस येते आणि तेवढ्यात लोक मफलर गुंडाळून हौस भागवून घेतात.

नव्याण्णवच्या जूनमध्ये टीव्हीवर कारगिल सुरू झालं आणि सेक्टरच्या महिला मंडळाला देशाची आठवण झाली. अध्यक्षा स्मिताताईंनी घाम पुसत जाहीर केलं, "महिन्याभरात जवानांसाठी चाळीस स्वेटर." मंडळातल्या बायकांनी आजवर विणली होती ती बाळंतविड्यातली टोपडी आणि मोजे. पहिल्या आठवड्यातल्या बाह्यांमध्ये जवानाचा अंगठा कसाबसा गेला असता. जयमालाबाईंनी एकेकीला शेजारी बसवून माप शिकवलं, चुकलेलं उसवून दिलं. कारगिलहून इंद्रजितचं पत्र आलं होतं, थंडीने बोटं वळत नाहीत, आई, एक स्वेटर पाठव. मंडळाचं पार्सल थेट सैन्याकडे जाणार, लवकर पोचणार, असं ताई म्हणाल्या. म्हणून त्याच्या नावाची चिठ्ठी शिवून त्याचाही स्वेटर त्यातच द्यायचा, असं जयमालाबाईंनी ठरवलं.

मग ताईंना सुचलं की प्रत्येक स्वेटरच्या छातीवर तिरंगी पट्टा हवा.

"ताई, डोंगरावर केशरी रंग लई लांबनं दिसतो," जयमालाबाई म्हणाल्या. "माझं पोरगं हाय तिथं."

"अहो, पण फोटोत उठून दिसायला नको का?"

एकोणचाळीस छात्यांवर तिरंगा चढला. जयमालाबाईंनी आपला मातकटच ठेवला, तर मंडळात दोन दिवस त्यांच्याशी कुणी धड बोललं नाही.

जुलैच्या पहिल्या रविवारी स्वेटर स्वीकारायला एक निवृत्त सुभेदार आले. पट्ट्यांवरून हात फिरवत ते शांतपणे म्हणाले, "हे घातले तर समोरच्याला दुर्बीणसुद्धा लागणार नाही." मग त्यांनी मातकट स्वेटर उचलला. "बाकीचे राहू द्या. हा मात्र द्या." ताईंनी तो लगबगीने आपल्या हातात घेतला, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि "उद्या नीट बांधून पाठवते" म्हणत ठेवून घेतला. पेपरात फोटो आला, खाली नाव ताईंचं. जयमालाबाईंनी तेही गिळलं. स्वेटर पोचला म्हणजे झालं.

आठ दिवसांनी मंडळाच्या खोलीत पाऊल टाकलं आणि त्या जागीच थबकल्या. स्वेटर भिंतीवर काचेच्या चौकटीत होता, शेजारी पेपरातलं कात्रण. इंद्रजितच्या नावाची चिठ्ठी व्यवस्थित आत दुमडलेली. वर पंखा गरगरत होता.

अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्यांनी स्टूल ओढलं, चौकट उतरवली आणि विणायच्या सुईने मागचे खिळे उचकटायला सुरुवात केली.

"जयमालाबाई, अहो, तो मंडळाचा अभिमान आहे," ताई धावत आल्या. "काचेत काय लावायचं मग?"

"एकोणचाळीस हायेत की तुमच्याकडं," जयमालाबाई म्हणाल्या आणि स्वेटर काखोटीला मारून पोस्टाकडे चालू लागल्या.