गावंडे सरांचा मार

गावंडे सर शिकवायला उभे राहिले की हातात नेटवर्कच्या केबलचा हातभर तुकडा घेत, आणि तो फळ्यावर दाखवण्यासाठी नसे. उत्तर अडलं की पाठीवर वळ उठायचा. अमरावतीत त्यांचा क्लास होता. निरोपाला रस्ता दाखवणारे खरे राउटर परवडत नव्हते, म्हणून अकोल्याच्या भंगारातून कचेऱ्यांनी टाकलेले कॉम्प्युटर ते पोत्यात घालून आणत, त्यांत जादा नेटवर्क कार्डं बसवत आणि राउटरचं सॉफ्टवेअर चढवत. असे आठ डबे एकमेकांना जोडले की तेच आमचं इंटरनेट. मग सर मागून एखादी वायर ओरबाडून काढत, नाहीतर चालू डब्याला लाथ घालून बंद पाडत आणि विचारत, "सांग, आता निरोप कोन्या रस्त्यानं जाईन?" सांगायला तोंड उघडेपर्यंत फटका बसलेला असे.

"मार खाल्लेला पोट्टा इसरत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकाच्या कानातून रक्त आलं तेव्हाही ते हेच म्हणाले. मी त्यांचा मनापासून द्वेष करायचो आणि एकही दिवस बुडवत नव्हतो, कारण त्यांच्याइतकं नेटवर्क अख्ख्या वऱ्हाडात कुणाला कळत नसावं, असं मला वाटायचं.

राउटरचं हे सॉफ्टवेअर चढवताना निवडलेली डिस्क साफ पुसली जाते. त्याआधी ते एकदा विचारतं. पण सरांच्या वर्गात हात थांबला की केबल बसायची, त्यामुळे आमच्या बोटांना थांबणं माहीतच नव्हतं. परीक्षेआधी सराव म्हणून मी अकोल्याला दादाच्या फोटो स्टुडिओत बसलो, त्याच्या कॉम्प्युटरला एक रिकामी डिस्क जोडली आणि प्रश्न येताच न वाचता होकार दाबला. रिकामी डिस्क रिकामीच राहिली, दादाची पुसली गेली. तिच्यात एका लग्नाचे फोटो होते. नवरीचे वडील लग्नानंतर आठच दिवसांत वारले होते.

दादाने मला आधी पट्ट्याने मारलं, मग कॅमेऱ्याच्या तिपाईने. नवरीच्या भावांना काय सांगायचं, म्हणत तो स्वतःचंच कपाळ भिंतीवर आपटायला लागला. मी लपून सरांना फोन केला. शिव्या देतील वाटलं होतं. "डब्याले हात लावू नको," एवढंच म्हणाले आणि मोटारसायकलने दोन तासांत अकोल्यात आले.

पुसलेल्यातून काय वाचतं ते सर शोधत असतानाच फोटो गेल्याचं कळून नवरीचे दोन्ही भाऊ दुकानात शिरले. त्यांनी दादाची कॉलर धरली. सर मध्ये उभे राहिले. "याच्या भावाले म्या शिकवलं. मारायचं असन त मले मारा."

त्यांनी मारलं. ठोशांनी, लाथांनी, शेवटी त्याच तिपाईने. सरांच्या मनगटात केवढी ताकद होती ते माझ्या पाठीला ठाऊक होतं. पण त्यांनी हात उचलला नाही. भाऊ थकले तेव्हा सरांचा एक डोळा मिटला होता आणि शर्ट लाल झाला होता. त्यांनी नळावर तोंड धुतलं आणि पुन्हा खुर्चीवर बसले. संध्याकाळपर्यंत निम्मेअधिक फोटो परत आले. वडील पाहुण्यांना हात जोडताना दिसले, तसा धाकटा भाऊ तिथेच खाली बसून रडला. बिदाईचे फोटो मात्र कायमचे गेले.

दादाने मला घराबाहेर काढलं. सरांना मागे बसवून मी त्यांची मोटारसायकल अमरावतीकडे घेतली. मूर्तिजापूरला चहासाठी थांबलो. सुजलेल्या ओठांना कप लागत नव्हता. त्यांनी तो खाली ठेवला.

"मारता मारता त्या भावायतल्या एकानं मले माह्यं नाव इचारलं. मले आठवलंच नाही रे. अन् मी तुमाले मारून रस्ता इचारत होतो."

त्यांनी माझ्या खांद्यावर ठेवायला हात उचलला. मी दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं.